दाढीआधी कोणतं तेल लावावं? बाटली उलटी करून बघा

दाढीआधी लावायच्या तेलाची कुठलीही बाटली घ्या आणि उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. पुढे दुर्मीळ अर्क, जंगलाचा गंध, मखमली स्पर्श वगैरे असतं. मागे मात्र पहिली दोन-तीन नावं सूर्यफूल, एरंडेल, ऑलिव्ह, द्राक्षबिया किंवा मिनरल ऑइल अशी अगदी साधी निघतात. घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहायची असा शिरस्ता आहे. म्हणजे बाटली भरलेली असते ती या पहिल्या नावांनी, आणि तो दुर्मीळ अर्क यादीच्या शेपटाला कुठेतरी लोंबकळत असतो.

मग तीच साधी तेलं थेट वापरली तर चालतील का? बहुतेकांना चालतील. त्यातलं कोणतं चालेल, हे तुमच्या त्वचेवर आणि दाढी करायच्या पद्धतीवर ठरतं. पण निवडीआधी एक गैरसमज बाजूला सारायला हवा, कारण महागड्या बाटल्या विकल्या जातात त्या त्याच्याच जोरावर.

केस मऊ करतं ते पाणी

‘तेलाने दाढी मऊ होते’ हे इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच वाटायला लागतं. केस बनलेला असतो केराटिन या प्रथिनाचा. प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना धरून राहतात त्या वेगवेगळ्या बंधांनी, आणि त्यांतले हायड्रोजन बंध फार नाजूक असतात. पाण्याचे रेणू आत शिरले की ते सुटतात. केस फुगतो, जाडीत साधारण १५ टक्के आणि लांबीत जेमतेम एक-दोन टक्के, आणि तो कापायला लागणारा जोर बराच उतरतो. कोरडा खुंट पात्याला अडवतो, पातं त्याला ओढतं, आणि मुळाशी जी कळ येते तिला आपण ‘आज पातं लागतंय’ म्हणतो.

केस नीट भिजायला कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं लागतात. तोंडावर दोन हबके मारले म्हणजे दाढी ओली दिसते, पण भिजलेली नसते. अंघोळीनंतर लगेच केलेली दाढी सोपी जाते ती याचमुळे.

आता तेल. तेलाचे रेणू पाण्याच्या मानाने चांगलेच धिप्पाड असतात. खोबरेल केसाच्या आत थोडंफार शिरतं हे खरं आहे, पण त्याला काही तास लागतात. दाढीआधीच्या दोन मिनिटांत ते वरच्यावरच राहतं. उलट कोरड्या दाढीवर आधी तेल चोपडलं तर पाण्याचीच वाट अडते. तेलाने फायदा झाला नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा क्रम इथेच उलटा झालेला असतो. आधी पाणी, मग तेल. एवढं जमलं तर कुठलंही बरं तेल उपयोगी पडेल, आणि हे चुकलं तर सगळ्यात भारी तेलही वाया जाईल.

मग तेल नेमकं करतं काय?

तेल केसासाठी नसतं, ते त्वचेसाठी असतं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर चेहऱ्यावर साधारण १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो. लिहायचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. पातं फिरतं तेव्हा केसांबरोबर या थराचेही बारीक कपचे निघतात. त्वचा सपाट असती तर एवढं काही बिघडलं नसतं, पण तिला वळणं आहेत, खड्डे आहेत, आणि प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीकसा उंचवटा असतो. पातं घसरत गेलं तर या उंचवट्यांवरून निघून जातं. खरडत गेलं तर त्यांचे शेंडे उडवत जातं, आणि मग पाणी लावलं तरी झोंबतं.

घसरवण्याचं काम फेसही करतो. पहिला हात फिरवताना तो पुरतोसुद्धा. पंचाईत होते ती त्यानंतर. पातं फेस घेऊन गेलेलं असतं, गाल नुसता ओला असतो, आणि आपण जबड्याखाली चारदोन खुंट राहिलेत म्हणून तिथेच पुन्हा, कधी उलट दिशेने, पातं फिरवतो. त्वचेची आग होते ती बहुधा याच हाताने. फेस निघून गेल्यावरही तेलाचा पातळ थर मागे उरतो, आणि तो इथे उपयोगी पडतो. ज्याला प्रत्येक हातापूर्वी नव्याने फेस लावायची शिस्त आहे, त्याला तेलाची गरज फारशी जाणवणार नाही. माझ्यासारख्या आळशाला जाणवते.

वंगणाचं शास्त्र जाणणारे वंगणाचे दोन प्रकार सांगतात. एकात थर इतका जाड असतो की दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतच नाहीत. दुसऱ्यात पृष्ठभाग टेकतात, पण त्यांना चिकटून राहिलेले वंगणाचे थोडे रेणू घर्षण कमी करतात. पात्याची धार जाड थर टिकूच देत नाही, नांगरासारखी तो बाजूला सारते. त्यामुळे दाढीत कामाला येतं ते मुख्यतः दुसऱ्या प्रकारचं वंगण, आणि त्यासाठी तेल फार थोडं लागतं. तोंड तेलात बुडवून दाढी जास्त गुळगुळीत होत नाही. फक्त पात्यांच्या फटी तुंबतात.

आणखी एक. आजच्या पात्यांवर नॉनस्टिक भांड्यांवर असतो त्याच पदार्थाचा अतिशय पातळ लेप असतो. रेझरच्या डोक्यावर पात्यांशेजारी जी रंगीत पट्टी असते ती बहुतेक वेळा पॉलिएथिलीन ऑक्साइडची असते आणि ओली झाली की बुळबुळीत होते. म्हणजे वंगणाची सोय आधीच दोन ठिकाणी केलेली आहे, तेल ही तिसरी. बोथट पात्यावर मात्र यातलं काहीच चालत नाही. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही पात्याची धार का जाते, याचा शोध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. धार नुसती झिजत नाही, तर केस काही विशिष्ट कोनांत भिडला की तिचे बारीक टवके उडतात, असं त्यांना दिसलं. दातेरी झालेल्या धारेला तेल लावणं म्हणजे बोडक्या टायरला वंगण घालण्यासारखं आहे. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर ते आधी नव्या पात्यावर घाला.

आता तेलांकडे

सूर्यफूल तेलापासून सुरुवात करतो, कारण त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ते पातळ असतं, त्याला वास जवळपास नसतो, आणि त्याच्या नेहमीच्या वाणात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. त्वचेचा वरचा थर ज्या स्निग्ध पदार्थांनी सांधलेला असतो, त्यांतही हे आम्ल लागतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह आणि सूर्यफूल ही तेलं लावून पाहिली होती. ऑलिव्हने त्या थराची वीण सैल झाली आणि किंचित लालीही आली. सूर्यफूल तेलाने वीण शाबूत राहिली. दाढीचं तेल पाच मिनिटांत धुतलं जातं, त्यामुळे त्या निष्कर्षाने ऑलिव्ह लावणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. पण ‘ऑलिव्ह म्हणजे त्वचेला उत्तमच’ हे गृहीत धरायचंही कारण नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लाचा भरणा असतो, तेल थोडं जडही असतं. कोरड्या, राठ त्वचेला ते सोसतं, तेलकट त्वचेला नको वाटतं.

द्राक्षबियांचं तेल गुणाने सूर्यफुलाचं भावंड आहे, थोडं अधिक पातळ. तयार बाटल्यांमध्ये ते वारंवार दिसतं. दोघांचाही दोष एकच, ते लवकर खवट होतात. लिनोलेइक आम्लाची हवेशी लगट जास्त असते. बाटली उजेडात, गरम ओलसर न्हाणीघरात उघडी राहिली की तेलाला वास मारायला लागतो, आणि असं खवट तेल चेहऱ्याला लावू नये, ते त्वचेला त्रास देऊ शकतं. त्यामुळे स्वस्त पडतं म्हणून मोठा डबा आणला तरी दाढीसाठी लहानशा गडद बाटलीत थोडंच काढून ठेवावं.

एरंडेल ही वेगळीच असामी आहे. त्यात सुमारे ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं. त्या रेणूवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना धरून ठेवतात आणि तेल इतर साध्या तेलांच्या जवळपास दसपट घट्ट होतं. याच घट्टपणामुळे ते पात्याखाली टिकून राहतं. मी पहिल्यांदा वापरलं तेव्हा उत्साहाच्या भरात चमचाभर निव्वळ एरंडेल तोंडाला फासलं. फेस बसला, पातं तुंबलं, आणि दाढी अर्धी झाल्यावर साबणाने तोंड दोनदा धुऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. एरंडेल एकट्याने वापरायचं तेल नाही. एक भाग एरंडेल आणि तीन-चार भाग पातळ तेल असं मिसळलं की जमतं. बाजारातली कित्येक मिश्रणं याच धर्तीची असतात. घरी मिसळायला लहान बाटली आणि एकदा हलवणं एवढंच लागतं.

खोबरेलाचा अनुभव माणसागणिक बदलतो. साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते थिजतं, म्हणून थंडीत हातावर चोळून वितळवावं लागतं, आणि गार पाण्याने धुतलेल्या पात्याच्या फटींत ते पुन्हा थिजून बसतं. त्यातलं जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. काहींना ते छान सोसतं, मुरूम येणाऱ्यांनी मात्र जपून वापरावं. याच तेलापासून वेगळं काढलेलं, थंडीतही पातळ राहणारं एक रूप मिळतं. घटकांच्या यादीत ते कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड या लांबलचक नावाने येतं. ते हलकं असतं, बिनवासाचं असतं आणि सहसा खवट होत नाही. दाढीसाठी ते मूळ खोबरेलापेक्षा सरस आहे असं माझं मत.

जोजोबा हे काटेकोर बोलायचं तर तेलच नाही. रासायनिकदृष्ट्या ते द्रव मेण आहे आणि आपल्या त्वचेच्या तेलकट स्रावात असलेल्या मेणांच्या जातीचं आहे. ते टिकतं, चिकटत नाही, महाग मात्र असतं. पाच मिनिटांत धुऊन टाकायच्या वस्तूवर तो खर्च मला पटत नाही. दाढीनंतर लावायचं असेल तर गोष्ट वेगळी. बदामतेल चांगलं आहे, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. कवचफळांची ॲलर्जी असेल तर ते टाळावं. मोहरीचं तेल चेहऱ्यावर नकोच, त्याच्या झणझणीतपणाला कारण असलेला घटक त्वचेला चांगलाच झोंबतो, आणि ताज्या दाढीवर तर विचारू नका.

आता राहिलं ते सगळ्यात बदनाम, मिनरल ऑइल, म्हणजेच लिक्विड पॅराफिन. बेबी ऑइल बहुधा हेच असतं, सुगंध घातलेलं. ते खनिज तेलापासून बनतं हे ऐकूनच लोक दचकतात. पण प्रसाधनांसाठीचं पॅराफिन भरपूर शुद्ध केलेलं असतं, त्वचेत शिरत नाही, सहसा रंध्रं बुजवत नाही आणि खवट होत नाही. त्याने ॲलर्जी होण्याचं प्रमाण फार कमी. त्वचेचं पोषण ते करत नाही, पण इथे पोषण हवंय कुणाला? पात्याखाली पाच मिनिटं घसरण हवी आहे. वनस्पतिज तेलांनी ज्यांच्या चेहऱ्यावर पुरळ येतं, त्यांनी बिनवासाचं पॅराफिन एकदा वापरून बघावं. त्वचेवर राहणाऱ्या मॅलासेझिया नावाच्या बुरशीला वाढायला स्निग्धाम्लं लागतात. ती वनस्पतिज तेलांतून मिळतात, पॅराफिनमध्ये ती नसतातच.

एक पर्याय तेलांच्या यादीबाहेरचा आहे, ग्लिसरीन. ते पाण्यात विरघळतं, त्वचेत पाणी धरून ठेवतं, पात्याखाली छान घसरतं, फेस मोडत नाही आणि धुताना साबणही मागत नाही. निव्वळ ग्लिसरीन चिकट लागतं, म्हणून तेवढंच पाणी घालून ओल्या दाढीवर लावायचं. तेलकट त्वचा असणाऱ्यांनी माझ्या मते आधी हेच करून बघावं.

रंध्रं बुजवण्याचे आकडे

प्रत्येक तेलाला शून्य ते पाच गुण देणारे तक्ते तुम्ही पाहिले असतील. पाच म्हणजे मुरूम हमखास, शून्य म्हणजे निर्धास्त. या आकड्यांमागे मुख्यतः सशाच्या कानावर केलेल्या चाचण्या आहेत. प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांवर अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स यांचा निबंध १९७२ मध्ये आला, त्यातही हीच पद्धत होती. सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा बरीच हळवी असते. शिवाय चाचणीत पदार्थ दिवसचे दिवस लावून ठेवतात, आपण तो काही मिनिटांत धुऊन टाकतो. तेव्हा मुरूम येत असतील तर तक्त्यातल्या वरच्या आकड्यांपासून लांब राहावं, बाकीच्यांनी त्यावर झोप उडवून घेऊ नये.

माझी जास्त काळजी सुगंधाबद्दल आहे. महागड्या बाटलीत मुख्य किंमत ज्याची असते तोच त्वचेला सगळ्यात जास्त त्रास देण्याची शक्यता. लिमोनीन आणि लिनालूल हे सुगंधी तेलांतले नेहमीचे घटक हवेशी संयोग पावून ज्या संयुगांत बदलतात, त्यांची अनेकांना ॲलर्जी होते. पुदिन्यातलं मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं, गार वाटतं, पण प्रत्यक्षात काही थंड झालेलं नसतं, आणि कापलेल्या जागी तेच चुरचुरतं. साध्या तेलात हे काही नसतं, म्हणून संवेदनशील त्वचेला ते स्वस्तच नव्हे तर सुरक्षितही पडतं. तरीही नवं तेल असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस वाट बघा.

लावायचं कसं

तोंड धुवा, म्हणजे त्वचेवरचा नैसर्गिक तेलकटपणा निघतो आणि पाण्याला वाट मिळते. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी. मग तोंड न पुसता चार-पाच थेंब तेल तळहातावर घेऊन चोळा आणि केसांच्या उलट दिशेने लावा, खुंटांच्या मुळाशी ते तसंच पोहोचतं. गळा आणि जबड्याखालची वळणं विसरू नका. नंतर हात साबणाने धुवायलाच हवेत, नाहीतर रेझरची मूठ निसटते आणि ब्रशमधला फेस उभाच राहत नाही. तेलाचे थेंब फुग्यांच्या पातळ पडद्यात शिरून ते फोडतात, फेसाची आणि तेलाची ही जुनी दुश्मनी आहे. तेल थोडं असेल तर साबण त्याला पोटात घेतो आणि फेस मलईदार होतो. चेहऱ्यावर तेल आणि साबण मिळून ‘नवा साबण बनतो’ असंही कुणी सांगतं, पण तेलाचा साबण व्हायला अल्कली आणि वेळ दोन्ही लागतात, गालावर यातलं काही घडत नाही.

फेसाशिवाय नुसत्या तेलावरही दाढी होते. प्रवासात सोयीचं आहे, कुठून पातं फिरवलं हे आरशात दिसतं. फक्त दर हाताला पातं धुवावं लागतं. दाढीनंतर तोंड सौम्य फेसवॉशने धुवा, आणि दोन-चार दिवसांनी भांडी घासायच्या द्रवाच्या थेंबाने रेझर. पायांवरचे केस काढतानाही हाच क्रम लागू होतो. फक्त न्हाणीघराच्या फरशीवर तेल सांडलं तर घसरून पडायला वेळ लागत नाही, ते आधी साबणाने धुऊन काढा.

खर्च मोजायचा तो बाटलीमागे नव्हे, दाढीमागे. पाच थेंब म्हणजे ढोबळमानाने ०.२ मिलिलिटर. ३० मिलिलिटरची बाटली या हिशेबाने १५० दाढ्यांना पुरते, रोज केली तरी पाच महिने. म्हणून मी म्हणतो, तयार बाटली आवडत असेल तर खुशाल घ्या, त्याने कुणी बुडत नाही. मात्र तेवढ्याच कामाचं तेल बहुधा आधीच घरात असतं. सरसकट सल्ला मागितलात तर मी म्हणेन: साधारण त्वचेला सूर्यफूल तेलात थोडं एरंडेल, तेलकट त्वचेला ग्लिसरीन, पुरळ उठणाऱ्या त्वचेला बिनवासाचं पॅराफिन.

इलेक्ट्रिक शेव्हर वापरत असाल तर तेल लावू नका. जाळीच्या शेव्हरला केस कोरडा आणि ताठ हवा असतो, तेलाने तो आडवा पडतो आणि जाळीत चिकटा साचतो. आणि कुरळे केस कापल्यावर वळून पुन्हा त्वचेत शिरत असतील, त्याच्या गाठी येत असतील, तर तेल त्यावर इलाज नाही. तिथे त्वचा न ताणता केसांच्या दिशेने, एकाच पात्याने, फार खोल न जाता दाढी करणं उपयोगी पडतं, आणि गाठी चिघळत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला हवं.

तेलाचा तुम्हाला फायदा होतोय की नुसता भास, हे घरी तपासता येतं. आठवडाभर उजव्या गालाला तेल लावा, डाव्याला नाही. पाणी, फेस, पातं सगळं तेच ठेवा, आणि दाढीनंतर तासाभराने कुठला गाल जास्त चुरचुरतो ते बघा. पुढच्या आठवड्यात बाजू बदला, कारण ज्या हाताने आपण दाढी करतो त्याला एक गाल नेहमीच सोपा जातो.